इंग्लंडमधलं मध्ययुगीन पॅरिश चर्च कसं वाचायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये राहणारे किंवा तिथे फिरायला जाणारे वाचक गावातल्या जुन्या चर्चबद्दल पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे आहेत, पुढचे अडवणारे. उदाहरणं ठिकठिकाणची असली तरी लिंकनशायरमधल्या बार्टन-अपॉन-हंबर इथल्या सेंट पीटर्स चर्चकडे आपण परत परत येऊ, कारण जुनी भिंत कशी वाचायची हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

१. पॅरिश चर्च म्हणजे नेमकं काय? कॅथीड्रल किंवा ॲबीपेक्षा ते वेगळं कसं?

पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूच्या अखत्यारीतला ठरावीक मुलूख. त्या हद्दीतल्या लोकांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं ज्या चर्चमध्ये होतात ते पॅरिश चर्च. कॅथीड्रल बिशपचं असतं आणि ॲबी मठातल्या साधूंची. पॅरिशचं जाळं प्रामुख्याने दहाव्या ते बाराव्या शतकात विणलं गेलं. सुरुवातीची बरीच चर्च जमीनदारांनी स्वतःच्या वाड्यालगत बांधली, म्हणून आजही कित्येक गावांत चर्च वस्तीच्या मधोमध नसून एका कडेला, जुन्या वाड्याशेजारी सापडतं. अशी मध्ययुगीन चर्च इंग्लंडमध्ये आठ हजारांहून अधिक उरली आहेत.

२. आत गेल्यावर कोणत्या भागाला काय म्हणायचं?

पूर्व टोकाचा, वेदी असलेला अरुंद भाग म्हणजे चॅन्सेल. तो धर्मगुरूंचा. त्याच्या पश्चिमेला लोकांसाठीचा मोठा सभामंडप, तो नेव्ह. इथे लोक खरोखरच उभे राहत. बाकं सर्रास आली ती पंधराव्या शतकात. या दोन भागांमधली कमान ती चॅन्सेल आर्च. नेव्हच्या उत्तर-दक्षिणेला पडवीसारखे जोडलेले भाग म्हणजे आइल, आणि नेव्ह व आइल यांच्यामधली खांब-कमानींची रांग म्हणजे आर्केड. आर्केडच्या वर, आइलच्या छपरापेक्षा उंचावर खिडक्यांची ओळ असली तर ती क्लिअरस्टोरी. मनोरा बहुधा पश्चिम टोकाला असतो. दक्षिण दारापुढची देवडी म्हणजे पोर्च. मध्ययुगात लग्नाच्या शपथा तिथे दारातच घेतल्या जात.

दिशांचा गोंधळ टाळायचा तर वेदीकडे तोंड करून उभं राहा: डावा हात उत्तर, उजवा दक्षिण. पुढची सगळी उत्तरं हे गृहीत धरून आहेत.

३. चर्चबाहेरच्या पाटीवर "बारावं शतक" लिहिलंय, आतल्या माहितीपत्रकात "पंधरावं". खरं कोणतं?

बहुतेक वेळा दोन्ही. पॅरिश चर्चला एक जन्मसाल नसतं, प्रत्येक भिंतीला आपापलं असतं. पाटी लिहिणारा सर्वांत जुना भाग धरतो, पत्रक लिहिणारा डोळ्यांत भरणारा भाग धरतो. नेव्हची भिंत ११५० ची, तिच्यात फोडलेली आर्केड १२२० ची, आइलची खिडकी १३३० ची, क्लिअरस्टोरी १४६० ची आणि चॅन्सेलचं छप्पर १८७० चं, हे चित्र अगदी नेहमीचं आहे. म्हणून "चर्च किती जुनं?" असं विचारण्याऐवजी "ही भिंत त्या भिंतीच्या आधीची की नंतरची?" असं विचारायला लागा. नेमकी सालं मागाहून येतात. क्रम लागला नसेल तर साल हाती येऊनही उपयोग होत नाही.

४. नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर ही नावं कुठून आली? त्यांची सालं कोणती?

ही चार नावं टॉमस रिकमन याने १८१७ मध्ये रूढ केली. तो लिव्हरपूलमध्ये कचेरीत काम करता करता सुट्टीच्या दिवशी चर्च मोजत फिरायचा. पुढे तो स्वतः वास्तुरचनाकार झाला. आज साधारण अशा मर्यादा धरतात:

सॅक्सन, १०६६ पूर्वी, म्हणजे फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकण्याआधी. नॉर्मन, १०६६ ते ११९०: गोल कमान, जाड खांब, कमानीवर नागमोडी नक्षी. अर्ली इंग्लिश, ११९० ते १२७० च्या आसपास: उंच, अरुंद, टोकदार लॅन्सेट खिडक्या आणि कमानीच्या कडांना इतक्या खोल खाचा, की त्यांत काळी सावली पडते. डेकोरेटेड, तिथून १३५० पर्यंत: खिडकीच्या वरच्या भागात दगडी जाळी, आधी वर्तुळांची, मग लाटांसारखी वळणारी. पर्पेंडिक्युलर, १३५० ते १५४०: खिडकीतले उभे दगडी गज थेट कमानीला जाऊन भिडतात, कमान चपटी होते आणि भिंतीपेक्षा काचच जास्त दिसते.

या मर्यादा वीस-तीस वर्षांनी मागेपुढे होतात. आडगावच्या गवंड्याकडे नवी पद्धत पोचायला वेळ लागायचा, आणि काही गवंडी बापाकडून शिकलेलंच आयुष्यभर करत राहायचे.

५. सॅक्सन काम ओळखायची खूण कोणती?

एका खुणेवर विसंबू नका, तीन-चार एकत्र दिसल्या की मगच म्हणा. कोपऱ्याचे दगड आळीपाळीने एक उभा लांब, एक आडवा सपाट असे रचलेले असतात. भिंती उंच आणि तुलनेने पातळ, बहुधा ७५ सेंटिमीटरच्या आसपास. नॉर्मन भिंत सहसा ९० सेंटिमीटर किंवा अधिक. खिडकी आतून आणि बाहेरून दोन्हीकडे तिरकस कापलेली, म्हणजे सर्वांत अरुंद भाग भिंतीच्या मधोमध. काही ठिकाणी कमानीऐवजी दोन दगड एकमेकांना टेकवून त्रिकोण केलेला. मनोऱ्यावर दगडी पट्ट्यांची उठावाची चौकट. नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या अर्ल्स बार्टनचा मनोरा अशा पट्ट्यांनी भरून गेलेला आहे.

चकवाही लक्षात ठेवा. जुन्या रोमन वस्तीतले दगड आणि विटा सॅक्सन गवंडी बिनदिक्कत वापरत. डरॅम परगण्यातल्या एस्कम इथलं सातव्या शतकातलं चर्च जवळच्या रोमन किल्ल्याच्या दगडांचं आहे. म्हणजे दगड रोमन, भिंत सॅक्सन.

६. पण १०६६ पूर्वीचं काही शिल्लक आहे हे आधी सिद्ध कसं झालं? तारीख तर कुठेच कोरलेली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खरा वादाचा मुद्दा होता. गोल कमानीचं सगळंच नॉर्मन, असं अनेक जण धरून चालत. रिकमनने बार्टन-अपॉन-हंबरच्या मनोऱ्यावर बोट ठेवलं.

तो मनोरा असा आहे. तळापासून वर पाहिलं की पहिल्या टप्प्यावर उठावाच्या दगडी पट्ट्या, त्यांवर गोल कमानींची एक रांग, तिच्यावर त्रिकोणी कमानींची दुसरी. मधली भिंत ओबडधोबड दगडांची, वर गिलावा. पट्ट्यांची ही सजावट वर चढत जाते आणि सर्वांत वरच्या घंटेच्या मजल्यावर एकदम थांबते. तिथलं बांधकाम साधं आहे, आणि ते नॉर्मन काळाच्या सुरुवातीचं दिसतं. रिकमनचा युक्तिवाद एवढाच: वरचा मजला नॉर्मन असेल आणि तो खालच्या वेगळ्याच पद्धतीच्या मजल्यांवर बसलेला असेल, तर खालचे मजले नॉर्मनांच्या आधीचे असलेच पाहिजेत. हवेत मजला बांधून मागाहून त्याच्याखाली मनोरा सरकवता येत नाही.

सजावटीवरून काळ ठरवण्यात मतभेद होतात, पण कशावर काय बसलं आहे यात होत नाहीत. या पानावरच्या बहुतेक उत्तरांचं मूळ तेच आहे.

बार्टनची गोष्ट तिथे संपत नाही. हा मनोरा सुरुवातीला मनोरा म्हणून बांधलेलाच नव्हता. इ. स. १००० च्या आसपास त्याचा तळमजला हाच नेव्ह होता, पूर्वेला छोटं चॅन्सेल आणि पश्चिमेला बाप्तिस्म्याची खोली. पुढे चॅन्सेल पाडून त्या जागी मोठा नेव्ह बांधला गेला आणि जुना नेव्ह नव्या चर्चचा पश्चिम मनोरा होऊन बसला. १९७८ ते १९८४ या काळात तिथे उत्खनन झालं, तेव्हा फरशीखाली त्या पहिल्या चॅन्सेलचा पाया सापडला. २,७०० हून अधिक दफनंही तपासली गेली. चर्च १९७० च्या दशकातच उपासनेसाठी बंद होऊन सरकारी देखरेखीखाली गेलं होतं, म्हणूनच इतकं खोलवर काम करता आलं. वापरातल्या चर्चमध्ये अशी संधी मिळत नाही.

७. खिडकीवरून भिंतीचा काळ सांगता येतो का?

खिडकीचा सांगता येतो, भिंतीचा नाही. खिडकी ही चर्चमधली सर्वांत जास्त बदललेली वस्तू. उजेड हवा, रंगीत काच बसवायची आहे, दात्याचं नाव लावायचं आहे, अशा कारणांनी जुन्या भिंतीत नवी खिडकी बसत राहिली.

तपासायचं ते खिडकीच्या कडेला. भिंत आणि खिडकी एकाच वेळची असतील तर चौकटीचे दगड भिंतीच्या थरांशी जुळतात, सांधा सरळ पुढे जातो. खिडकी नंतरची असेल तर चौकटीभोवती बारीक चिपा, वेगळ्या रंगाचा चुना आणि तुटलेले थर दिसतात. कधी जुन्या खिडकीची अर्धी कमान नव्या चौकटीने छाटलेली सापडते. छाटणारं नंतरचं, छाटलं गेलेलं आधीचं.

दुसरी अडचण व्हिक्टोरियन दुरुस्तीची. एकोणिसाव्या शतकात झिजलेली जाळी काढून हुबेहूब तशीच नवी बसवली जाई. दगडाच्या कडा वस्तऱ्यासारख्या धारदार, सगळ्या खिडक्या तंतोतंत सारख्या आणि टाकीचे घाव यंत्रासारखे समांतर असतील तर सावध व्हा. उलट खरं नॉर्मन काम कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासलेलं असतं आणि त्याचे घाव तिरके पडतात. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून रुंद छिन्नी आली, मग घाव उभे आणि नीटस झाले. हे घाव साध्या नजरेला दिसत नाहीत. कसे पाहायचे ते प्रश्न १६ मध्ये आहे.

८. चर्च वापरात असताना आइल जोडली कशी? नेव्हची भिंत पाडली की छप्पर खाली येणार ना?

भिंत पाडतच नसत, यातच सगळी युक्ती आहे. आधी जुन्या भिंतीच्या बाहेर, तीन-चार मीटरवर, आइलची नवी बाहेरची भिंत उभी करायची आणि छप्पर जुन्या भिंतीला टेकवायचं. आतली उपासना तोवर बिनधोक चालू. मग जुन्या भिंतीत खांबाच्या मापाची उभी भोकं पाडायची, एका वेळी एक, आणि प्रत्येकात खांब उभा करायचा. दोन खांब झाले की त्यांच्यामध्ये वरच्या बाजूला भिंत थोडी थोडी फोडून कमानीचे दगड बसवायचे. कमान पक्की झाली आणि वरचा भार तिने घेतला, की मग कमानीखाली उरलेली जुनी भिंत काढून टाकायची. वरची भिंत आहे तिथेच राहते, छप्पर हलत नाही.

म्हणून कुठल्याही आर्केडपाशी उभं राहिलात की मान वर करा. कमानींच्या वर बुजवलेली लहान गोल खिडकी, किंवा कमानीने खालून खाल्लेली अर्धी खिडकी दिसली, तर वरची भिंत आर्केडपेक्षा जुनी. खांब तेराव्या शतकाचे असले तरी त्यांच्या डोक्यावरची भिंत सॅक्सन असू शकते.

चुका कुठे होत? खांब बसवताना जुना पाया अरुंद पडायचा. आधी सर्व लांबीवर पसरलेला भार आता चार-पाच ठिकाणी एकवटतो, खांब खचतात आणि बाहेर कलतात. आर्केड बाहेरच्या बाजूला झुकलेली दिसली तर ओळंबा धरून पाहा. वरच्या छपराचा रेटाही त्यात सामील असतो.

उत्तरेची आइल बऱ्याचदा आधी जोडलेली आढळते. दक्षिणेकडे लोकांना दफन हवं असायचं, त्यामुळे तिकडे थडगी दाटलेली आणि उत्तरेकडे मोकळी जागा असायची.

९. मनोऱ्याच्या भिंतीवर उलट्या इंग्रजी व्ही-सारखी रेघ आहे. ती कसली?

जुन्या छपराचा व्रण. नेव्हचं छप्पर जिथे मनोऱ्याला टेकत होतं तिथे पाणी शिरू नये म्हणून दगडी पट्टी बसवत. छप्पर गेलं, पट्टी किंवा खाच राहिली. उतार तीव्र असेल तर तिथे गवताचं किंवा कौलांचं छप्पर होतं. पंधराव्या शतकात शिशाच्या पत्र्याची छपरं वाढली आणि उतार जवळजवळ सपाट झाला. शिसं उन्हाने फुगतं, गारठ्याने आकसतं आणि तीव्र उतारावर स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली ओघळून फाटतं, म्हणून त्याला सौम्य उतारच मानवतो. छप्पर सपाट झाल्यावर भिंत उंचावून क्लिअरस्टोरी घालणं सोपं झालं. हा व्रण क्लिअरस्टोरीच्या खिडक्यांपेक्षा खालून जात असेल, तर क्लिअरस्टोरी नंतरची हे तिथल्या तिथे कळतं.

१०. नेव्ह भव्य आणि चॅन्सेल अगदी साधं, किंवा उलट. असं का?

कारण खर्च वेगवेगळ्या खिशांतून व्हायचा. तेराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये रीत पक्की झाली, की चॅन्सेलची डागडुजी रेक्टरने, म्हणजे दशमांश कर घेणाऱ्याने करायची आणि नेव्हची गावकऱ्यांनी. बऱ्याच ठिकाणी रेक्टर एखादा दूरचा मठ असे. मठाला उत्पन्न हवं, खर्च नको. मग चॅन्सेल तेराव्या शतकातलं तसंच राहायचं आणि लोकर-कापडाच्या पैशावर गावकरी नेव्ह पाडून उंच, काचेने भरलेला नवा नेव्ह बांधायचे. सफक परगण्यातल्या लाँग मेलफर्ड इथे तर क्लिअरस्टोरीखाली बाहेरून देणगीदारांची नावं दगडात कोरलेली आहेत.

उलट उदाहरण हवं तर लिंकनशायरमधलं हेकिंग्टन पाहा. तिथलं चौदाव्या शतकातलं चॅन्सेल कोरीवकामाने नटलेलं आहे.

११. घर विकत घेताना वकिलाने "चॅन्सेल रिपेअर" तपासणीचे पैसे लावले. याचा आमच्याशी काय संबंध?

प्रश्न १० मधली रीतच इथवर पोचली आहे. सोळाव्या शतकात मठ बरखास्त झाले, त्यांच्या जमिनी आणि रेक्टरचे हक्क खासगी लोकांकडे गेले आणि त्यांच्यासोबत चॅन्सेल दुरुस्त करण्याची जबाबदारीही. पुढे दशमांशाच्या बदल्यात जमिनी नेमून दिल्या गेल्या, तेव्हा ती त्या जमिनींना चिकटली. वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कँटलो गावच्या खटल्यात २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने) ती जमीनमालकांवर ग्राह्य धरली. मागणी ९५ हजार पौंडांहून अधिक होती.

१३ ऑक्टोबर २०१३ पासून नियम बदलला. नोंदणीकृत जमिनीवर ही जबाबदारी नोंदवलेली नसेल, तर त्या तारखेनंतर मोबदला देऊन खरेदी करणाऱ्यावर ती सर्वसाधारणपणे येत नाही. वारसाने किंवा भेट म्हणून मिळालेल्या घराचं गणित वेगळं असू शकतं. तपासणी आणि विमा स्वस्त असतात, म्हणून वकील ते आजही सुचवतात. तुमच्या घराबाबतचा निर्णय मात्र तुमच्या वकिलालाच विचारून घ्या.

१२. कंत्राट कसं व्हायचं? गवंड्याला काय मिळायचं?

सफकच्या किनाऱ्यावरच्या वॉल्बर्सविक गावच्या मनोऱ्याचा १४२६ चा करार टिकून आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. त्यात नकाशा नाही. मनोरा टन्स्टल गावच्या मनोऱ्यासारखा हवा आणि पश्चिमेचं दार हेल्सवर्थच्या दाराइतकं चांगलं हवं, असं शेजारच्या गावांकडे बोट दाखवून सांगितलं आहे. भिंतींची जाडी सहा फूट. काम वर्षभर नाही: पहिलं वर्ष सोडून दर वर्षी २५ मार्च ते २९ सप्टेंबर एवढंच. मोबदला उंचीच्या दर यार्डाला ४० शिलिंग, वर्षाला हेरिंग माशांचं एक पिंप आणि दोघा गवंड्यांना एकेक अंगरखा.

हंगामाचं कारण चुना. चुना हळूहळू आवळतो आणि ओला असताना थंडीत गोठला तर पाणी फुगून तो भुसभुशीत होतो. म्हणून हिवाळ्यात भिंतीचा माथा गवत-शेणाने झाकून काम थांबवत. एका हंगामात फार उंच जाणंही धोक्याचं, खालचा चुना पक्का व्हायच्या आत वरचा भार यायचा. मनोऱ्यावर बाहेरून थोड्या थोड्या अंतराने आडव्या रेषा दिसतात, दगडाचा रंग किंचित बदलतो. त्या अनेकदा हंगामाच्या सीमा असतात.

तो मनोरा आजही उभा आहे. शेजारचं भलंमोठं चर्च मात्र गावाला पेलेना, म्हणून १६९५ मध्ये बरंचसं उतरवलं आणि दक्षिणेची आइल तेवढी वापरात ठेवली.

मोठ्या कामाचा अंदाज हवा असेल तर लिंकनशायरमधल्या लाउथचं शिखर घ्या: १५०१ ते १५१५, सुमारे ३०५ पौंड, उंची साधारण ८७ मीटर.

१३. भिंतीत रांगेने चौकोनी भोकं आहेत. बंदुकीसाठी का?

नाही. परांचीचे आडवे वासे त्यांत खोचलेले असत. एका ओळीतल्या भोकांचं अंतर आणि दोन ओळींमधली उंची मोजली की गवंडी एका परांचीवरून किती उंच बांधत होते ते कळतं. ओळ एखाद्या ठिकाणी तुटली तर तिथे नंतर भर घातलेली असते.

१४. चॅन्सेल आर्चजवळ भिंतीत एक जिना चढतो आणि हवेतच संपतो. तो कुठे जायचा?

रूड लॉफ्टवर. मध्ययुगात चॅन्सेल आणि नेव्ह यांच्यामध्ये लाकडी जाळीदार पडदा असे, त्यावर अरुंद माळा आणि माळ्यावर क्रुसावरचा ख्रिस्त, एका बाजूला त्याची आई मेरी, दुसऱ्या बाजूला शिष्य जॉन. मेणबत्त्या लावायला त्या जिन्याने चढत. एडवर्ड सहावा या प्रोटेस्टंट राजाच्या काळात, १५४७-४८ मध्ये, मूर्ती उतरवल्या गेल्या. कॅथलिक मेरी राणीने पुन्हा बसवायला लावल्या, आणि एलिझाबेथच्या १५६१ च्या हुकमाने माळे कापले गेले. खालचा पडदा ठेवायची मुभा होती, म्हणून काही ठिकाणी तो उरला. नॉर्फोकमधल्या रॅनवर्थचा मुद्दाम जाऊन पाहावा असा आहे. दगडी जिना काढण्यात कुणाला रस नव्हता.

मूर्ती कुठे होत्या ते सफकमधल्या वेनहॅस्टन इथे अक्षरशः दिसतं. तिथे चॅन्सेल आर्चच्या वर लाकडी फळ्यांवर अंतिम न्यायाचं चित्र होतं, प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात त्यावर चुना फासला गेला. १८९२ च्या दुरुस्तीत त्या फळ्या टाकाऊ म्हणून काढून चर्चच्या आवारात ठेवल्या. रात्री पाऊस पडला, चुना धुतला गेला आणि सकाळी रंगीत चेहरे वर आले. चित्राच्या मध्ये मात्र क्रुसाच्या आणि दोन उभ्या माणसांच्या आकाराच्या जागा कोऱ्या आहेत. तिथे मूर्ती फळ्यांना लागून होत्या, म्हणून चित्रकाराने तेवढा भाग रंगवलाच नव्हता.

१५. आतले उघडे दगड किती सुंदर दिसतात! मूळचं असंच असेल ना?

बहुतेक ठिकाणी नाही. ओबडधोबड दगडाच्या भिंतींना आतून गिलावा आणि त्यावर चित्रं, अनेक ठिकाणी बाहेरूनही चुन्याचा लेप असे. घडीव दगडाचे कोपरे आणि चौकटी तेवढ्या उघड्या. एकोणिसाव्या शतकात दगडच "खरा" मानून शेकडो चर्चचा गिलावा खरवडला गेला आणि त्याबरोबर चित्रांचे थर कायमचे गेले. हे नुकसान भरून येण्यासारखं नाही. याच उत्साहाविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली.

गिलावा टिकला तिथे काय सापडतं ते यॉर्कशायरमधल्या पिकरिंग इथे दिसतं. १८५० च्या दशकात चित्रं उघडी झाली, पण तेव्हाच्या धर्मगुरूंना ती उपासनेत व्यत्यय आणणारी वाटली आणि ती पुन्हा झाकली. काही दशकांनी परत उघडली. आज नेव्हच्या दोन्ही भिंती भरून चित्रं आहेत.

सध्याची मोठी चूक म्हणजे सिमेंट. दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंटने सांधे भरले की ओल दगडातूनच वाट काढते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांत सिमेंटची जाळी पुढे आणि दगड मागे गेलेला दिसतो.

१६. पहिल्यांदा जाताना काय न्यायचं, कुठून सुरुवात करायची?

मोजपट्टी, दुर्बीण, विजेरी, कागद-पेन्सिल. आत धावू नका. आधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारा: भिंतीतले उभे सरळ सांधे, बुजवलेली दारं, तळाच्या पायऱ्यांची उंची बदलते ती जागा. दोन भिंतींचे थर एकमेकांत गुंतलेले नसतील आणि मध्ये सरळ उभी फट असेल, तर दोन्ही वेगळ्या काळच्या. मग आत जाऊन दारं-खिडक्यांपाशी भिंतीची जाडी मोजा आणि कच्च्या नकाशावर लिहा. एकाच रेषेतल्या भिंतीची जाडी मध्येच बदलली तर तिथे काहीतरी घडलंय.

विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवी धरा. समोरून प्रकाश टाकला तर दगड सपाट दिसतो. बाजूने टाकला की टाकीचे घाव, पाथरवटांच्या खुणा आणि गिलाव्याखालच्या बुजवलेल्या कमानीच्या कडा उठून येतात. भिंतीवरच्या चित्रांना हात लावू नका.

१७. चॅन्सेल तिरकं आहे. क्रुसावर ख्रिस्ताची मान कलली होती म्हणून मुद्दाम तसं करत, हे खरं का?

याला मध्ययुगीन पुरावा नाही. कारण आखणीत आहे. नवं चॅन्सेल बांधताना जुनं अजून मध्ये उभं असायचं, त्यामुळे कर्ण मोजून काटकोन तपासता येत नसे. एक-दोन अंशांची चूक राहायची, आणि भिंत लांब असली की ती डोळ्यांना खटकायची.

याच जातीच्या आणखी दोन समजुती. चॅन्सेलच्या दक्षिणेची बुटकी खिडकी कुष्ठरोग्यांसाठी होती म्हणतात. पण त्यांना वस्तीत असं यायची मोकळीक नव्हती. वेदीवर पाव उंचावला की बाहेरच्यांना कळावं म्हणून तिथून घंटी वाजवत, हे जास्त पटतं. उत्तरेचं दार सैतानासाठी, हीही कथाच. मिरवणुका एका दाराने बाहेर पडून दुसऱ्याने आत येत. मिरवणुका बंद झाल्यावर थंड वाऱ्याचं दार बुजवणं साहजिक होतं.

१८. नॉर्फोकमध्ये इतके गोल मनोरे का? शत्रूवर नजर ठेवायला?

इंग्लंडमध्ये गोल मनोऱ्यांची सुमारे १८० चर्च आहेत, त्यांतली १२० हून अधिक नॉर्फोकमध्ये. संरक्षणाचा तर्क टिकत नाही. बरेच मनोरे किनाऱ्यापासून लांब आणि सखल जागी आहेत. नेहमी दिलं जाणारं कारण दगडाचं: तिथे फ्लिंट, म्हणजे गारगोटीच मिळते, चौकोनी कोपऱ्यासाठी घडीव दगड लांबून आणावा लागे, गोल मनोऱ्याला कोपराच नाही. यात तथ्य आहे, पण पूर्ण उत्तर नाही. त्याच चर्चच्या नेव्हला चार कोपरे आहेतच, आणि ते उभे राहिले. परिसराची आवड हेही कारण धरावं लागतं.

१९. बाप्तिस्म्याचं कुंड चर्चपेक्षा जुनं असू शकतं का?

सर्रास असतं. चर्च पुन्हा बांधलं तरी पूर्वजांचा बाप्तिस्मा झालेलं कुंड टाकत नसत. पर्पेंडिक्युलर चर्चमध्ये नॉर्मन कुंड दिसलं तर तिथे आधी चर्च होतं हे बहुधा खरं, पण आजची एखादी भिंत तेवढी जुनी आहे असं त्यावरून म्हणता येत नाही.

२०. मुंबईचं अफगाण चर्च याच परंपरेतलं का?

शैली तीच, इतिहास वेगळा. कुलाब्याचं हे चर्च पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ बांधलं, १८५८ मध्ये त्याचं लोकार्पण झालं आणि शिखर १८६५ मध्ये पूर्ण झालं. आराखडा हेन्री कॉनीबेअरचा. तेराव्या शतकातल्या इंग्रजी पॅरिश चर्चचा नमुना समोर ठेवून ते एकाच योजनेने उभं केलं. टोकदार कमानी, आर्केड, चॅन्सेल, शिखर, सगळं आहे. नाहीत त्या शिवणी. इंग्लंडला जाण्याआधी ते बघून घ्या. प्रत्येक भाग जागच्या जागी, एकाच काळचा पाहिलेला असला की खऱ्या मध्ययुगीन चर्चमधली गुंतागुंत लवकर उलगडते.

२१. हे सगळं मागे-पुढे झालं. नेमकं वर्ष कधीच मिळत नाही का?

मिळतं, तीन वाटांनी. टिकलेले करार आणि हिशेब (प्रश्न १२), क्वचित कोरलेला मजकूर आणि लाकडाची वलयं. छपराचे ओकचे वासे, दारं, घंटेची चौकट यांतून पेन्सिलीएवढा गाभा काढून वलयांची जाडी मोजतात आणि ज्ञात मालिकेशी जुळवतात. लाकडावर झाडाची साल शिल्लक असेल तर झाड तोडल्याचं वर्ष, कधी ऋतूसुद्धा कळतो. ओक ओला असतानाच वापरत, म्हणून तोडणी आणि बांधकाम यांत सहसा एक-दोन वर्षांचंच अंतर असतं.

साल तासून गेली असेल तर मात्र अंदाज करावा लागतो. ओकच्या बाहेरच्या रसकाष्ठात (सालीलगतच्या लाकडात) साधारण १० ते ४० वलयं असतात. ती गेली असतील तर शेवटच्या उरलेल्या वलयात तेवढी वर्षं मिळवायची. एसेक्समधल्या ग्रीन्स्टेडच्या लाकडी चर्चचं असंच झालं. उभ्या चिरलेल्या ओकच्या ओंडक्यांची ती भिंत १९६० च्या मोजणीने इ. स. ८४५ ची ठरली होती. १९९० च्या दशकात पुन्हा मोजणी झाली, तेव्हा झाडं १०५३ नंतर कधीतरी तोडल्याचं दिसलं आणि भिंत दोनशे वर्षांनी अलीकडे सरकली. शिवाय ओंडके ज्या विटांच्या जोत्यावर आज उभे आहेत ते व्हिक्टोरियन आहे. बुंधे कुजले म्हणून खालून कापून विटा घातल्या. इथे वरचं जुनं आणि खालचं नवं. प्रश्न ६ मधला नियम लाकडाला लावताना हा अपवाद ध्यानात ठेवा: दगडी मनोऱ्याखाली नवा मजला सरकवता येत नाही, लाकडी भिंत मात्र टेकू देऊन उचलता येते.